‘विद्यार्थी आतूनच वाढतो, शिक्षकाने मध्ये येऊ नये’ – हे नक्की कुणाच्या पोरांबद्दल चाललंय?

मांजराकाठ

चार दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय. आपल्याच मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी लिहिलेली, ‘माझ्या शैक्षणिक श्रद्धा’. माझ्याकडं ती तीन ग्रुपांवर आली आणि तिन्हीकडं खाली हात जोडलेल्यांची रांग. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: विद्यार्थी म्हणजे बी, झाड त्याच्या आत आधीच असतं, आपण नुसतं ऊन-पाणी द्यावं. हजेरीची सक्ती हा तरुण माणसाचा अपमान. मार्कांनी माणूस मोजता येत नाही, म्हणून सर कुणालाच नापास करत नाहीत. आणि शेवटचं वाक्य, ज्याला सगळ्यात जास्त बदाम मिळालेत: मी शिकवत नाही, मी फक्त सोबत असतो.

सर, पगार मात्र शिकवण्याचा मिळतो.

बियाचं म्हणाल तर माझे वडील कोरडवाहू शेतकरी. बियात झाड असतं हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी जुलैत पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणायला तेच जायचे. बियावर श्रद्धा ठेवून बांधावर बसून राहिलेला शेतकरी मी तरी पाहिला नाही.

आता वर्गाचं. मी बीएस्सी पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवतो. पटावर पोरं भरपूर, त्यातली बरीच ‘नीट’ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, रिपीटर. अ‍ॅडमिशन आमच्याकडं, मुक्काम क्लाससाठी लातूरला नाहीतर नांदेडला. गॅप दिसू नये एवढ्यासाठी बीएस्सी. ती येत नाहीत, आणि त्यांची हजेरी कशी लागते हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. उरतात ती खेड्यातून येणारी. घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नाही. बारावी सायन्स झालीय, पण ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी, हातात धरलेलं नाही, कारण प्रॅक्टिकलचे तीस मार्क न धरताही मिळतात. मोलची, म्हणजे रसायनात पदार्थ मोजायच्या एककाची, व्याख्या विचारा, धडाधडा म्हणतील. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल विचारा, सगळा वर्ग बाकाकडं बघतो.

या पोरांसोबत नुसतं असायचं म्हणजे मी काय करायचं? चहा प्यायचा? त्यांना फळ्यावर करून दाखवावं लागतं. एकदा नाही समजलं तर परत. मग त्यांच्याकडून करून घ्यावं लागतं आणि चुकलं तर ‘चुकलं’ असं तोंडावर म्हणावं लागतं. ज्याच्या घरी शिकलेली माणसं आहेत त्याला कॉलेजात नाही मिळालं तरी जेवताना, गाडीत, काकाकडं कुठंतरी मिळतं. त्याला मोकळीक परवडते. माझ्या वर्गातल्या पोराला माझ्याकडं मिळालं नाही तर मग कुठंच मिळत नाही. सरांची स्वतःची मुलं कुठं शिकली आणि कशी शिकली, हेही पोस्टमध्ये आलं असतं तर बरं झालं असतं.

आणि नापास न करण्याचं तत्त्वज्ञान तर कृपया मला सांगू नका. प्राचार्यांना निकाल हवा असतो, संस्थेला तुकडी टिकवायची असते, पोरांना डिग्री हवी असते, आणि आपल्याला पेपर तपासताना डोकं चालवायचं नसतं. इंटर्नलला सगळ्यांना सारखेच मार्क टाकले की चारही पार्ट्या खूश. मग तोच पोरगा बँकेच्या परीक्षेला नाहीतर पोलीस भरतीच्या लेखीला बसतो. नापास करणारं कुणीतरी तिथं भेटतंच. फक्त तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा झालेला असतो.

मी अंबाजोगाईला शिकलो. एकदा टायट्रेशनची (द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाची) रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवली. सरांनी जर्नल बाजूला ठेवलं आणि ब्युरेट भरायला लावलं. एकसारखी तीन रीडिंग येईपर्यंत सोडलं नाही. फिनॉल्फ्थॅलिनचा फिक्का गुलाबी रंग ज्या एका थेंबाला येऊन टिकतो तो थेंब मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तोवर गावाची शेवटची गाडी गेलेली. सरांच्याच घरी जेवलो, तिथंच झोपलो. ते माझे मित्र वगैरे अजिबात नव्हते.

ज्यांनी ज्यांनी हात जोडलेत त्यांनी सांगावं, त्यांना घडवणारा मास्तर कसा होता.

गोदातीर

सर, तुमची चीड कळते, पण ती भलत्या वाक्यावर निघालीय. हजेरीबद्दल ते प्राध्यापक बरोबर बोललेत, भले अपमान वगैरे मोठे शब्द वापरून.

मी गेवराई-माजलगाव पट्ट्यात समाजशास्त्र शिकवते. दसरा-दिवाळी झाली की माझी बाकं रिकामी होतात. घरानं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. आईबाप मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि थोरली पोरगी एकतर धाकट्यांना सांभाळायला फडावर, नाहीतर गावात म्हातारीपाशी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती कॉलेजला येणार कुठून? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, चांगली गोष्ट आहे. पण ज्या पोरीनं घर धरून ठेवायचंय तिला वसतिगृहात धाडणार कोण?

पंचाहत्तर टक्क्यांचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा. तुमच्या रिपीटर पोरांची हजेरी लागते, कारण त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणीतरी असतं. डिटेन यादीत, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत, नाव झळकतं ते माझ्या पोरींचं. तुम्हाला शिस्त पाहिजे ना? मग ती आधी कुणाच्या मानेवर बसते ते पण बघा.

त्यात नवं शैक्षणिक धोरण. वर्षभर अंतर्गत मूल्यमापन, चाचणी, सेमिनार, असाइनमेंट. ऐकायला किती छान. जी पोरगी नोव्हेंबरपासून कर्नाटकातल्या फडावर आहे ती सेमिनार कुणासमोर देणार, मुकादमासमोर? पूर्वी निदान शेवटी येऊन एकगठ्ठा पेपर लिहायची सोय होती.

गेल्या हंगामात एकीनं व्हॉट्सअ‍ॅपवर असाइनमेंटचे फोटो पाठवले. वहीखाली पाचट दिसत होतं, अक्षर माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा चांगलं. मी तिची हजेरी लावली. कुणाला तक्रार करायची असेल त्यांनी खुशाल करावी.

तासिकावाला

दोघांचंही वाचलं. दोघंही पर्मनंट दिसता. सातव्या वेतन आयोगात बसून शैक्षणिक श्रद्धांवर बोलायला मजा येते.

हजेरी, हजेरी काय करायलात? आधी मास्तर हजर आहे का ते बघा. मी सेट (प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) पास, पीएच.डी. झालेली, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरतं मानधन. कागदावर आठवड्याला नऊ तास, प्रत्यक्षात किती ते विचारू नका. कॉलेज उघडतं जूनमध्ये, माझ्या नेमणुकीचा कागद हलत हलत सप्टेंबर उजाडतो. तोवर माझा वर्ग बी म्हणा की रोप म्हणा, वाऱ्यावर. मार्चनंतर तास नाहीत, तास नाहीत तर मानधन नाही. जे मिळायचं ते कधी येईल याला काही धरबंद नाही. मागच्या जूनमध्ये मी खताच्या दुकानात हिशोबाला बसलो होतो. माझाच विद्यार्थी युरिया घ्यायला आला. ‘सर, तुम्ही इथं?’ म्हणाला. पाव्हण्याचं दुकान आहे, जरा मदत करतोय, असं सांगितलं.

मांजराकाठ सर, तुमचे ते अंबाजोगाईचे सर पोराला तीन रीडिंग येईपर्यंत थांबवू शकले, घरी जेवू घालू शकले, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकल हाणत जायचं नव्हतं. विद्यार्थ्याच्या वाढीवर सगळे बोलतात. वाढ कोण करणार त्याचं बोला.

लातूरकर (हाडाचा)

एवढं वाचून हसू आलं. या प्रश्नाचं उत्तर लातूरनं कधीच देऊन ठेवलंय. राजर्षी शाहू कॉलेज १९७० चं. डॉ. जनार्दन वाघमारे तिथले पहिले प्राचार्य, पुढं नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्या काळातले शिक्षक सुट्टीतही तास घ्यायचे, चाचणीवर चाचणी, तपासलेला पेपर हातात, चूक कुठं झाली ते समोर बसवून. भूकंपाच्या, दुष्काळाच्या बातमीशिवाय ज्या भागाचं नाव छापून येत नव्हतं तिथली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या वर दिसायला लागली. ती आतून आपोआप फुलली नव्हती. घासून घासून तयार केली होती.

गोदातीर

आणि आता? तो तुमचा ‘लातूर पॅटर्न’ कॉलेजातून उठून क्लासमध्ये गेला. फी कितीय ते पण सांगा की. माझ्या भागातला बाप पोराला लातूरला ठेवण्यासाठी मुकादमाकडून दुसरी उचल घेतो. त्याला पण पॅटर्नच म्हणायचं का?

मांजराकाठ

लातूरकर, मी मांडलेल्या मुद्द्याला तुमचं लातूर चिकटवू नका. तुम्ही सांगता ते शिक्षक कॉलेजच्या वर्गात, कॉलेजच्या पगारात शिकवायचे. ते मला शंभर टक्के मान्य. आजचं जे आहे त्यात पोरगं चार पर्यायांतला एक निवडायला शिकतं, आणि निवड चुकली की माझ्या बीएस्सीच्या पटावर येऊन नाव लावून गायब होतं. माझी अर्धी रिकामी बाकं तुमच्या गावची देणगी आहेत.

लातूरकर (हाडाचा)

देणगी? माझी पोरगी याच गावात शिकून एमबीबीएसला लागली. तिच्या आईनं शिलाई मशीन चालवून फी भरली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यातली भाडेकरू पोरं टँकरच्या रांगेत हंड्यामागं उभी राहून पाठ करत होती. तेव्हा तुमच्यासारखे विचारवंत कुठं होते? ज्याला जमत नाही तो लातूरला नावं ठेवतो, हे आता सवयीचं झालंय.

मांजराकाठ

तुमच्या मुलीचं अभिनंदन. मनापासून. पण ती लागली तेव्हा शेजारच्या बाकावरची किती लागली नाहीत आणि त्यांचं पुढं काय झालं, हे तुमच्या वाड्यातला फळा सांगत नाही. ती माझ्याकडं येतात, मला दिसतात.

नागसेनवन

इतिहास विसरून भांडायलात सगळे.

१९४८ पर्यंत आपल्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, आणि उस्मानियात शिकवण्याचं माध्यम उर्दू. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. मराठवाड्याचं विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ ला. म्हणजे ज्या भागात विद्यापीठ नव्हतं तिथं आधी अशा पोरांसाठी कॉलेज आलं ज्यांच्या घरात अक्षर नव्हतं. माझे वडील जालन्याकडच्या एका खेड्यातून तिथल्या वसतिगृहात आले. इंग्रजी शून्य. प्राध्यापक संध्याकाळी वेगळं बसवून शिकवायचे, असं ते सांगायचे. इतपत मी मांजराकाठ सरांच्या बाजूनं आहे. कुणीतरी शिकवल्याशिवाय आमचे वडील शिकले नसते.

पण सर, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहून गेली. ‘चुकलं’ असं तोंडावर म्हणणारा मास्तर आमच्या लोकांनी गावोगाव बघितलाय. त्याचंच पुढचं वाक्य असायचं, ‘तुमचं काम नाही हे.’ वडील गावच्या शाळेत असताना हे ऐकूनच मोठे झाले. नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्या आवारात, पण चूक दाखवायचेच की, लाल शाईनं वही भरायची. तरी हे पोरगं प्राध्यापक होईल, लेखक होईल, कलेक्टर होईल, हे त्या मास्तरांनी धरूनच चाललेलं असायचं. गंगाधर पानतावणे सरांसारखे लोक तिथं शिकवायचे आणि पोरांना लिहितं करायचे, ते उगाच नाही. ते ज्येष्ठ प्राध्यापक ‘झाड आत असतं’ म्हणतात त्यात एवढा एक कण खरा आहे. बाकी पोस्ट मलाही गुळगुळीतच वाटली.

मांजराकाठ

कण मान्य. फक्त पोस्टमध्ये तो कण शोधायला भिंग लागतं.

तासिकावाला

सगळे आजोबा-पणजोबांच्या गोष्टी सांगायलेत, मी विचारलेल्याचं उत्तर कुणी देईना. मांजराकाठ साहेब, एक सरळ प्रश्न. तुम्ही पर्मनंट कसे झालात? म्हणजे, किती?

मांजराकाठ

तोंड सांभाळून बोला. एक रुपया दिलेला नाही. द्यायला होताच कुठं? माझ्या वेळी जागा निघत होत्या, आमच्या विषयात उमेदवार कमी होते, मी लागलो. आणि समजा दिले असते, तरी अठरा ग्रॅम पाण्यात एकच मोल असतो. मुद्द्याला उत्तर नसलं की माणसाच्या खिशात हात घालायचा, ही कोणती पद्धत?

तासिकावाला

रागावू नका. तुमचा खिसा नाही, माझा दाखवतो. एका संस्थेत मुलाखत होती, नाव घेत नाही. आदल्या रात्री एक गृहस्थ घरी आले, चहा पिले, आकडा सांगितला. वडिलांनी सातबारा काढून बघितला. सगळं विकलं तरी निम्मं होत नव्हतं. तरी मी गेलो, म्हणलं बघू. समितीतल्या एकानं विचारलं, ‘तुमचं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान काय?’ मी मान खाली घालून पाच-दहा मिनिटं बोललो. गिजुभाई बधेका, फुले, टागोर, सगळे काढले. समोरचे काजू खात होते. ज्याला लावायचं होतं तो बाहेर पेढे घेऊन बसलेला.

म्हणून कुणी ‘श्रद्धा’ म्हणलं की मला ते काजू दिसतात. नोव्हेंबर २०२१ ला प्राध्यापकांच्या २०८८ पदांना मान्यता मिळाली म्हणून आम्ही एकमेकांना फोन केले होते. त्यातली माझ्या विषयाला, माझ्या आरक्षणाला, माझ्या जिल्ह्यात किती आली? कुणाकडं आकडा असेल तर टाका.

लातूरकर (हाडाचा)

हा धागा शिक्षणावर आहे का भरतीवर?

तासिकावाला

तेच तर म्हणतोय, दोन्ही वेगळं आहे असं तुम्हाला वाटायलंय. पेढेवाला आज विभागप्रमुख आहे. मोकळीक देतो म्हणे पोरांना. त्याला शिकवता येत नाही, मोकळीक नाही देणार तर काय करणार?

गोदातीर

हे मात्र खरं आहे. ‘विद्यार्थी-केंद्री’ हा शब्द आमच्याकडं सगळ्यात जास्त कोण वापरतं माहितीय? ज्यांची नोट्सची वही पिवळी पडलीय ते.

काळी माती

उशिरा आलो. नापास करण्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरला, म्हणजे आताच्या बारावीसारख्या परीक्षेला, पुन्हापुन्हा नापास झाले. तोच माणूस पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि अख्खा महाराष्ट्र त्यांचं व्याख्यान ऐकायला जमायचा. मार्कांनी माणूस मोजता येत नाही, हे त्या पोस्टमधलं वाक्य आपल्याच मातीनं सिद्ध केलंय. मांजराकाठ सरांच्या वर्गात कुरुंदकर असते तर सरांनी त्यांना ब्युरेट भरत बसवलं असतं.

मांजराकाठ

हे येणार हे माहीतच होतं. मराठवाड्यात परीक्षेवर वाद निघाला की दहाव्या प्रतिसादाला कुरुंदकर येतात.

कुरुंदकरांचे मामा कोण? मराठीचे प्राध्यापक ना. गो. नांदापूरकर. भाचा हैदराबादेत त्यांच्याकडं राहिला. घरात पुस्तकं, घरात येणारी-जाणारी माणसं विद्वान, जेवायला बसलं तरी वाद-चर्चा. असा माणूस इंटरला नापास झाला तर इंटरचं नुकसान. माझ्या वर्गातल्या पोराचा मामा हार्वेस्टर चालवतो. चांगला माणूस आहे, भाच्याची फी पण भरतो. पण मोल म्हणजे काय ते तो सांगू शकत नाही.

काळी माती

म्हणजे मामा प्राध्यापक असेल तरच नापास व्हायचा अधिकार?

मांजराकाठ

अधिकार सगळ्यांना आहे. परवडतं कुणाला ते मी पहिल्यापासून विचारतोय.

हिंगोली एक्स्प्रेस

कुरुंदकर आमच्या हिंगोली जिल्ह्यातले. कुरुंदा, तालुका वसमत. नांदेडवाले उगाच आपलं म्हणतात.

काळी माती

ते जन्मले तेव्हा हिंगोली जिल्हा होता कुठं? जिल्हा झाला १९९९ ला. त्याआधी परभणीच.

हिंगोली एक्स्प्रेस

गाव तर तिथंच होतं ना? का गावानं पण १९९९ ला स्थलांतर केलं?

नागसेनवन

वादाचा विषय काय आणि ही गाडी कुठं चाललीय!

बीएस्सी सेकंड इयर

मोठ्या लोकांत बोलायलोय, माफ करा. पण तुम्ही सगळे आमच्यावर बोलायलात आणि आमच्यातलं इथं कुणीच नाही.

मी दुधाच्या टेम्पोत बसून येतो. कॉलेज सुटलं की मोबाईलच्या दुकानात स्क्रीन बदलायचं काम करतो. आमच्याकडं दोन्ही टाइपचे सर आहेत. केमिस्ट्रीचे सर त्या पोस्टवाल्या सरांसारखे. लई चांगलं बोलतात, कधी ओरडले नाहीत, आजारी पडलो तर घरी फोन केला. पण युनिट तीन कुणी शिकवलंच नाही. ‘तुम्ही वाचून या, आपण चर्चा करू’ म्हणले. वाचून कळलं असतं तर कॉलेजला कशाला आलो असतो? फिजिक्सचे सर कडक. शिकवतात एक नंबर, फळा भरून. पण काही विचारलं की म्हणतात, ‘बारावी कशी पास झालास रे?’ मग वर्ग हसतो. मी आता विचारायचं सोडून दिलंय, यूट्यूबवर हिंदीतून बघतो. ओपन इलेक्टिव्हला (दुसऱ्या शाखेचा घ्यायचा विषय) कॉमर्सचा विषय आलाय, त्याला सरच नाहीत, तरी त्याचे इंटर्नल मार्क पडले. चांगले पडले.

मला नापास केलं तर राग नाही. कशात चुकलो ते सांगायला पाहिजे फक्त. आमच्याकडं पास झालेल्याला पण सांगत नाहीत आणि नापास झालेल्याला पण सांगत नाहीत.

तासिकावाला

कोणतं कॉलेज रे?

बीएस्सी सेकंड इयर

नाही सांगत सर, इंटर्नल बाकी आहेत.

लातूरकर (हाडाचा)

पोरगं हुशार आहे. लातूरला का नाही आलास?

बीएस्सी सेकंड इयर

आलो होतो. दोन महिन्यांत पैसे संपले.

मांजराकाठ

बाळा, कडक सरांबद्दल लिहिलंस ते बोचलं. नागसेनवन वर तेच सांगत होते आणि मी भिंगाचा विनोद केला. ते असू दे. पण लक्षात घे, युनिट तीन ज्यांनी शिकवलं नाही त्यांना तू ‘लई चांगले’ म्हणतोस, आणि ज्यांनी फळा भरून शिकवलं त्यांच्यावर तुझा राग आहे. गोड बोलणाऱ्याला सगळं माफ, यावरच त्या पोस्टचा धंदा चालतो.

गोदातीर

बघा, पोरानं एवढं सांगितलं तरी सरांना त्यात स्वतःचाच मुद्दा दिसला. ठीक आहे, मी एक पाऊल मागं येते. शिकवावं लागतं, नुसतं सोबत बसून भागत नाही, मान्य. आता तुम्ही एवढं माना की हजेरीपटानं आजवर कुणीही काही शिकलेलं नाही.

मांजराकाठ

हजेरीपट गेला उडत. पण तुमची ती पोरगी एप्रिलमध्ये फडावरून परत आली, त्यानंतर तिचं काय? हजेरी लावून दिली, मार्क टाकले, संपलं? तसं असेल तर तुमच्यात आणि पोस्टवाल्या सरांत फरक कळवळ्याचा आहे, निकाल एकच.

गोदातीर

संपलं म्हणून कुणी सांगितलं? मे महिन्यात बोलावते. परत आलेल्या सगळ्याजणी, शिवाय दोन पोरं. कॉलेजची किल्ली सुट्टीत मिळत नाही, म्हणून माझ्या घरी. वर्षभराचं राहिलेलं दुपारच्या उन्हात, कूलर लावून, पाणी असेल तेव्हा. चाचणी पण घेते. एकीला परत लिहायला लावलं तर रडली, मग लिहिलं. हे मी आधी लिहिलं नाही, कारण हे लिहिलं की लोक लगेच हात जोडलेले पाठवतात.

लातूरकर (हाडाचा)

ताई, यालाच आम्ही पॅटर्न म्हणतो. विनाकारण एवढं भांडलात.

गोदातीर

फी घेत नाही, त्यामुळं तुमचा पॅटर्न नाही.

तासिकावाला

मे महिन्यात बिनपगारी शिकवता? आमच्या क्लबात स्वागत. आम्ही मेमध्ये बिनपगारी असतोच, फक्त तुम्हाला जून भेटतो.

मांजराकाठ

बरं. गोदातीर मॅडम, हजेरीवरचं माझं म्हणणं तुमच्या पोरींपुरतं मागं घेतो. रिपीटरांपुरतं नाही. आणि ए सेकंड इयर, युनिट तीन म्हणजे कोणतं? प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, सिलॅबसचं पान टाक इथं.

बीएस्सी सेकंड इयर

टाकलंय सर. वरचं कॉलेजचं नाव कापलंय.

मांजराकाठ

केमिकल कायनेटिक्स. हे वाचून या म्हणाले? धन्य आहे. रविवारी सकाळी मोकळा असतोस का? मेसेज कर.

काळी माती

म्हणजे शेवटी सरांनी पण क्लासच सुरू केला. ऑनलाइन.

तासिकावाला

छान झालं सगळ्यांचं. २०८८ चं मी विचारलेलं तसंच राहिलं.

लातूरकर (हाडाचा)

त्यासाठी वेगळा धागा काढा की.

तासिकावाला

काढला होता. तिघं आले. त्यातले दोघं विमा एजंट निघाले, आणि ते दोघंही सेट पास.